दुधाच्या कोठडीतला वास

आनंदाबाईच्या तेरवीले अर्धं आंजी गाव जेवायले आलं, अन् जो येईन तो म्हणे, "देवमाणूस होती बाप्पा!" मी पंगतीत तूप वाढून राह्यली होती. ऐकून घेतलं. तेरवीच्या दिवशी सुनेनं तोंड उघडायचं नसते म्हणतात. पण आता पाहुणे गेले, पत्रावळी उचलल्या, अन् मले कोणाच्या बापाचं भेव नाई. म्हणे देवमाणूस! तिच्या हाताखाली एक उन्हाळा काढला असता तं समजलं असतं. आनंदाबाई माह्यी सासू. आमच्याकडे सासूले आत्याबाई म्हणतात, म्हणून मीही जन्मभर तोंडानं आत्याबाई म्हटलं. आज नावानं बोलते.

खोटं नाई बोलणार. कामाले ती भारी होती. बाप मजूर, घरी खायचे वांधे, म्हणून पोरवयातच तिले कापसाच्या जिनात कामाले घातलं. तिथं मशीननं उजव्या हाताचं मधलं बोट मुळापासून नेलं. तो हात घेऊन ती अण्णाजीच्या, म्हणजे माह्या सासऱ्याच्या घरी नांदायले आली, तवा गोठ्यात एक भाकड म्हैस होती. अण्णाजी माणूस मऊ, कोणाले हूं नाई का चूं नाई. बाईनं एकटीनं गोठा उभा केला. दूध काढलं, दही लावलं, लोणी घुसळलं, तूप कढवलं. तिचं तूप रवाळ, पिवळंधमक, अन् चरवीचं झाकण उघडलं का ओसरीपर्यंत दरवळे. वर्ध्याच्या मोठ्या मोठ्या घरचे गडी चरवी घेऊन आंजीले येत. दुसऱ्या कोणाचं तूप समोर आलं का ही नाकाजवळ नेऊन नुसती मान हलवे, अन् त्या बाईचं तूप त्या दिवसापासून कोणी घेत नसे. नाकाचा असा माज मी दुसरीकडे कुठं पाह्यला नाई.

घराच्या मागच्या अंगाले तिची दुधाची कोठडी होती. मातीच्या भिंती, खिडकी नाई, एकच ठेंगणं दार. भिंतीत कोनाडे, वरून शिंकं लटकलेलं, त्यात लोण्याचं गाडगं. आत जायचं तं अंघोळ करून जायचं, कांदा कापलेल्या हातानं जायचं नाई, बोलायचंही नाई. रोज सकाळी घुसळायच्या आधी कोठडीची भुई शेणामातीनं सारवायची, अन् भिंतही हात पुरेल तितकी सारवायची. हा त्या घरचा दंडक. पण सारवायचं कोणी? तिनं स्वतः नाई. "सासू झाली का शेणातला हात निघाला," असं ती मिरवून सांगे. आधी तिची थोरली पोरगी सारवे; तिचं लग्न होऊन ती गेली, त्याच्यानंतर कोठडी बरेच महिने तशीच कोरडी पडली होती. सून येईन अन् सारवीन म्हणून.

ती सून मी. नलू, रोहण्याच्या पुनाजीची पोरगी. आपला जिल्हा मुंबई राज्यात गेला त्याच्या पुढच्या माघात माह्यं लग्न झालं. नवऱ्याचं नाव टिकाराम. आम्ही नवऱ्याचं नाव घेत नसतो, पण आज राग डोक्यात हाय तं घेऊन टाकते. आईसमोर त्या माणसाच्या तोंडाले कुलूप लागे. मी सारवायले हुशार. माह्या बोटांची नक्षी अशी उमटे का रोहण्यातल्या बाया लग्नाचा ओटा सारवायले मले नेत. पहिल्या दिवशी कोठडी सारवून झाली, तवा आनंदाबाई दारात उभी राहून भिंत पाहून राह्यली होती. चांगलं म्हणाली नाई, वाईट म्हणाली नाई. तेवढ्यानंच मी खूश झाली. येडी होती मी.

पंधरवडाही नाई झाला अन् वर्ध्याहून एक गडी भरलेली चरवी परत घेऊन आला. मालकीणबाईनं तूप भातावर घेतलं अन् ताटच सरकवून दिलं म्हणे. आनंदाबाईनं झाकण काढलं, नाक नेलं अन् तिचा चेहरा पांढरा पडला. मंग तिनं माह्यी मान धरली अन् माह्यं तोंड चरवीत खुपसलं.

"हुंग! काय येते?"

"कुबट येते आत्याबाई. जुन्या पोत्याचं येते तसं."

"पंधरा वर्सांत माह्या तुपाले असा वास आला नाई. तू आली अन् आला."

खरंच येत होता. कुबट, घशात बसणारा, वरून औषधासारखा कडवट. तूप-लोणी आजूबाजूचा वास धरते हे कोणत्याही बाईले माहीत असते, म्हणून आम्ही आधी कोठडी धुंडाळली. कांदा नाई, राकेल नाई. मेलेला उंदीर असेल म्हणून कोनाडे खरवडले, पाल असेल म्हणून आढ्यात काठी घातली. काही नाई. कोठडीत नाक लावलं तं ओल्या शेणाच्या उग्र वासाखाली बाकी काही समजे नाई; तवा तपनही चढली नव्हती. मडकी बदलली, रवी बदलली, म्हशीची पेंड बदलली. गाडगं कोठडीत एक रात राह्यलं का सकाळी लोणी कुबट. मी आणखी घासून, आणखी ओलं करून सारवू लागली. म्हटलं, घाण असेल तं निघून जाईन. जितकं मी सारवलं तितका वास वाढला. चैताची तपन चढली तसा तं तो दह्यातही उतरला.

अन् मंग ते झालं. महिन्याचे दिवस आले अन् मी दूर बसली. चार दिवस गोठ्याच्या पडवीत, कोणाले शिवायचं नाई, कोठडीकडे फिरकायचं नाई. दूध-दही आनंदाबाईनं स्वतः पाह्यलं. सारवण अर्थातच कोणी केलं नाई. दुसऱ्या दिवशी लोण्याचा वास कमी झाला, चौथ्या दिवशी लोणी फुलासारखं. मी न्हाऊन घरात आली, कोठडी सारवली, अन् लोणी पुन्हा कुबट!

आनंदाबाईनं पुढचा महिना वाट पाह्यली. पुन्हा मी दूर बसली, पुन्हा लोणी चांगलं. पुन्हा मी आत गेली, पुन्हा नासलं. तवा तिनं शेजारच्या रामबाईले अन् आणखी दोघीतिघींले ओसरीवर बोलावलं, दोन वाट्या समोर ठेवल्या, एक दूर बसल्या दिवसांतली अन् एक माह्या हातची. प्रत्येकीले हुंगायले लावलं.

"आता तुम्हीच सांगा," ती म्हणाली, "कोठडी तीच, म्हशी त्याच. हिचा हात लागला का नासते, हात दूर झाला का नीट होते. नासका हात हाय हिचा!"

रामबाईनं लुगड्याचा पदर नाकाले लावला. मी उभी, अंगाचा नुसता तिळपापड. माह्या हातातून काही निघत असेल का म्हणून, सांगायचीही लाज वाटते, मी माह्येच हात हुंगून पाह्यले. माह्या नवऱ्याकडे पाह्यलं. तो बैलाच्या दाव्याची गाठ सोडून राह्यला होता. सुटलेलीच गाठ पुन्हा बांधे अन् पुन्हा सोडे.

मले कोठडीबंदी झाली. लोणी साफ झालं. झालं, पुरावाच मिळाला! मंग पाण्याच्या माठाले हात लावू नको झालं. मंग पोळ्या लाटू नको. "तुह्या हातचं कुत्रं नाई खाणार," हे ती मले रोज ऐकवे, अन् कुत्रं तं खात होतं, मी रोज टाकत होती. वैशाखात माह्या बाबाले बोलावणं गेलं. बाबा आले तं तिनं त्याइले पाणीही विचारलं नाई. म्हणाली, "इवाई, तुमचा माल तुम्ही घेऊन जा. काडीमोडीचं मंग पाहू. बोरगाव मेघ्याले माह्या भावाची पोरगी हाय, तिचा हात मले माहीत हाय." बाबा हात जोडून उभे. माह्या बाबानं तिच्यासमोर हात जोडले, हे मी तिले मरेपर्यंत माफ केलं नाई, अन् आताही करत नाई.

रोहण्याले आली तं बातमी माह्या आधी पोचलेली. आंब्याच्या लोणच्याचे दिवस होते. काकीच्या घरी फोडी कापायले बसायले गेली, तं काकीनं सुरी हळूच दुसरीच्या हातात दिली अन् म्हणे, "नलू, तू बस बाई, तू थकली अससीन." बरण्या माह्यापासून सरकल्या. ओटे सारवायले मले नेणाऱ्या बाया त्या ह्याच! माह्या पाठची बहीण लग्नाची होती, तिच्याकडे येणारं पाहुणं मधातूनच परतलं. नासक्या हाताची बहीण कोण करून घेईन? नवरा गेला तं गेला, त्या मुक्या माणसासाठी मी रडली नाई. पण माह्या हाताचं नाव गेलं होतं, अन् त्याच्याबरोबर बहिणीचं घर जाऊन राह्यलं होतं. ते मले गिळवत नव्हतं.

ज्येष्ठात रोहण्याले डीडीटीवाले आले. हिवतापाच्या मच्छरासाठी सरकारनं गावोगाव फिरवलेली मंडळी ती, खांद्यावर पंप, बादलीत पांढरं पाणी. आम्ही सगळ्या पावडरीले डीडीटीच म्हणत होतो, त्याच्यात आणखी कोणकोणत्या पावडरी असत ते आम्हाले काय माहीत. आमच्याही घरात मारलं. भिंतींवर पांढरे ओघळ सुकले, वास दोनचार दिवसांत उडून गेला, ढेकूण मेले, माय खूश. त्याइनं बजावून सांगितलं होतं का भिंती सारवू नका. पण माह्यी माय धुरपता, तिले ते पांढरे डाग पाहावले नाई. आठ दिवसांनी तिनं शेणकाला केला अन् स्वयंपाकघराची भिंत सारवून काढली. मी बाजूले बसून राह्यली होती, माह्या हाताले सारवणाची आता मनाई होती ना. भिंत ओली झाली अन् थोड्या वेळात घशात काहीतरी कडवट बसलं.

मी ताडकन उठली. भिंतीले नाक लावलं. शेणाच्या मागून तोच कुबट, पोत्याचा, औषधाचा वास! संध्याकाळी त्याच भिंतीजवळच्या वाटीतलं लोणी हुंगलं. तेच.

"माय," मी ओरडली, "तू सारवलं! मी हात नाई लावला ना? सांग, लावला का?"

"नाई वो, पण बोंबलून काऊन राह्यली?"

फवाऱ्याची माणसं अजून गावात शाळेच्या पडवीत उतरली होती. मी बाबाले घेऊन तिथं गेली. त्याइच्यातला चिंधू नावाचा माणूस पंपाची नळी साफ करून राह्यला होता. मी त्याच्यावरच तुटून पडली, तुमच्या पावडरीनं माह्यं घर मोडलं म्हणून. तो आधी घाबरला, मंग चिडला.

"आम्ही सांगत असतो ना बाई, सारवू नका! कोणी ऐकते काय? कोरडी माती दवाईले धरून ठेवते, पोटात. वास गेला म्हणजे दवाई गेली असं समजता तुम्ही. दवाई तिथंच असते. तुम्ही भिंत ओली केली का माती पाण्याले पकडते अन् दवाईले सोडून देते. सुटली का ती वाफ होऊन हवेत उडते. तपनात आणखी जास्त."

"मंग ती पाण्यात काऊन नाई राहत?" बाबानं विचारलं.

"पाण्यात ती विरघळतच नाई धड. आमच्या बादलीत तळाचं खरकटं पाणी राह्यलं तं दोनतीन दिवसांत पाणी तेवढंच दिसते, वास कमी झालेला असते. पाण्यातूनही उडते, मातीतूनही उडते. उडून जाईन कुठं? बंद खोलीत दूध-तूप असलं तं त्यातच जाऊन बसते. म्हणून तं आम्ही दुधाच्या जागी मारतच नाई."

"आंजीले मारलं कोणीतरी," मी म्हटलं. "आनंदाबाईच्या घरी."

चिंधूनं नळी खाली ठेवली. "मधलं बोट नाई ती? अरे बाप्पा! भादव्यात मीच गेलतो तिथं. मी नाई म्हणत होतो. ती म्हणे कोठडीत मुंग्या होतात, मार. मी म्हटलं दुधाची जागा हाय. तं माह्यावरच उखडली, मले शिकवतो काय म्हणे! ताकाचा गडू हातात दिला अन् दोनदा मारून घेतलं, वरून खालपर्यंत. पुन्हा कोणाले सांगू नको म्हणे, लोक तूप घेणार नाईत."

मी खाली बसली. माह्या डोळ्यांतून पाणी आलं ते रागाचं होतं. म्हणजे पावडर तिनं मारून घेतली, भिंत मले सारवायले लावली, अन् नासका हात माहा! तरी मी तवा एवढंच समजत होती का तिले भिंतीचं कारण उमगलं नसेल. पावडर मारून महिने झाले, वास उडून गेला, विसरली असेल. तेवढं तरी मी तिच्या पदरात टाकलं होतं.

दुसऱ्या दिवशी बाबानं बंडी जुंपली. वाटेत म्हणाले, "पोरी, तुले तिथं नांदायचं असेल तं हळू बोलजो." मी म्हटलं, "बाबा, मी नांदायले नाई जाऊन राह्यली. मी माह्यी अब्रू आणायले जाऊन राह्यली."

आंजीले पोचलो तं दारात बोरगाव मेघ्याची बैलांची दमणी उभी. ओसरीवर आनंदाबाईचा भाऊ, भावजय, गावातली चार जाणती माणसं, रामबाई, अन् कोपऱ्यात माहा नवरा नवं धोतर नेसून बसलेला. सुपारी फोडायची तयारी होती! मागच्या अंगणातल्या चुलीवर, मंद विस्तवावर, चहाले दूध ठेवलेलं. आनंदाबाईनं मले पाह्यलं अन् उठून उभी राह्यली.

"इथं काय काम हाय तुह्यं? चाल, तोंड काळं कर!"

मी सरळ मागे कोठडीत गेली. अंघोळ नाई, पांघोळ नाई, पायाले रस्त्याची धूळ. ती ओरडत मागे आली, तिच्या मागे सगळे. दार उघडलं अन् मी थबकली.

दारासमोरची अर्धी भिंत ताजी सारवलेली होती. ताजी म्हणजे सुकलेली, पण माह्या जाण्याच्या नंतरची. भावजय कोठडी पाहायले येईन म्हणून सारवली असेल. अन् ती मधातच सोडली होती, एका फटकाऱ्यात, जसा चटका बसून हात मागे घ्यावा तसा. सारवणात बोटांच्या रेघा उमटलेल्या. अंगठ्याच्या बाजूची एक, मंग रुंद कोरी जागा, मंग दोन. प्रत्येक फटकाऱ्यात मधली रेघ नाई.

मले समजायले वेळ नाई लागला. तिनं स्वतः सारवलं होतं, वास आला होता, अन् तिच्या त्या नाकाले तो पहिल्या हातालेच समजला होता. म्हणून थांबली. म्हणजे तिले माहीत होतं! माहीत असूनही माह्या नवऱ्याले नवं धोतर नेसवलं, अन् ओसरीवर सुपारी मांडली. कोठडी बदनाम झाली असती तं तूप बदनाम झालं असतं. सून बदनाम झाली तं काय, दुसरी मिळते.

मी बाहेर येऊन रांजणातून गडू भरला अन् सगळ्याइले म्हटलं, "पाहा, मी भिंतीले हात लावून नाई राह्यली." अन् दारातूनच पाणी भिंतीवर फेकलं. एक गडू, दोन गडू. मंग शिंक्यातल्या गाडग्यातलं लोणी रामबाईले वाटीत काढायले लावलं, आधी हुंगायले लावलं, अन् वाटी तिच्याच हातानं भिंतीजवळ ठेवायले लावली. "आता दार लावा अन् बसा," मी म्हटलं. "माहा नासका हात बाहेर हाय, तुमच्या डोळ्यांसमोर."

आनंदाबाई म्हणाली, "तमाशा हाय का हा?" पण दार उघडायले गेली नाई. तपन मी म्हणत होती. बाहेर बसल्या बसल्याच दाराच्या फटीतून तो वास येऊ लागला. बोरगावच्या भावजयीनं नाक मुरडलं. दार उघडलं, रामबाई आत गेली, वाटी उचलून हुंगली अन् बाहेर येऊन माह्याकडे पाह्यलंच नाई. आनंदाबाईकडे पाह्यलं.

"तोच हाय वो," ती म्हणाली.

मी सगळं सांगितलं. पावडर, चिंधू, ताकाचा गडू, दोनदा मारलेला फवारा. दवाईले पोटात धरणारी माती अन् पाणी लागलं का सुटणारी वाफ. आनंदाबाई कमरेवर हात ठेवून उभी. म्हणाली, "खोटं हाय. घरून शिकून आली हे. पाण्यात काहीतरी टाकलं हिनं."

"रांजण तुमचं, पाणी तुमचं," मी म्हटलं. "बरं, माह्यं पाणी खोटं. मंग तुम्ही सारवा."

गोठ्यात शेण होतंच. मी घमेल्यात कालवलं अन् घमेलं तिच्या पायाशी आणून ठेवलं. "सारवा आत्याबाई. उरलेली अर्धी. सगळ्यांसमोर."

"मी शेणात हात नाई घालत!"

"घातला ना. ते पाहा."

मी भिंतीकडे बोट दाखवलं. लोक पुढे सरकले. सुकलेल्या सारवणात, जिथं माह्यं पाणी पोचलं नव्हतं, तिथं ती मधली रेघ नसलेली नक्षी स्वच्छ दिसत होती. असा हात आंजीत एकच होता. अण्णाजीनं डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

तवा कोपऱ्यातून आवाज आला. टिकाराम. लग्न झाल्यापासून आईसमोर त्याचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला.

"माय," तो म्हणाला, "सारव."

तिनं त्याच्याकडे पाह्यलं. मले वाटलं घमेलं लाथाडीन. पण ती खाली बसली, बांगड्या वर सरकवल्या, हात शेणात घातला अन् भिंतीवर फिरवला. एक फटकारा, दुसरा, तिसरा. जुन्या रेघांच्या बाजूले नव्या रेघा उमटल्या, मधली जागा तशीच कोरी. वास उठला. कोणाले नाक लावायची गरज नव्हती. बोरगावची भावजय पदर तोंडावर घेऊन उठली, भाऊ तिच्या मागे, अन् थोड्या वेळात दमणीची चाकं वाजली. सुपारी ताटात तशीच राह्यली.

मी वाट पाहत होती. माफी नाई, मले माफी नको होती. "हिच्या हातात खोट नव्हती" एवढं चार माणसांसमोर तिनं म्हणावं, बस्स. बाबाही वाट पाहत होते. आनंदाबाई उठली, रांजणाजवळ गेली, हात धुतले, एक एक बोट धुतलं. मंग पदराले हात पुसत चुलीकडे नजर टाकली अन् माह्याकडे न पाहता म्हणाली,

"उभी काऊन हायेस? दूध वर येऊन राह्यलं, दिसत नाई? उतार ते."

म्हणजे मी घरात होती. म्हणजे माह्या हाताले पुन्हा दूध चाललं होतं. त्या बाईच्या तोंडून याच्यापेक्षा जास्त कधी निघणार नव्हतं, हे मले तवाच समजलं, अन् पुढे ती मरेपर्यंत निघालं नाई.

चुलीजवळ मीच उभी होती. फडकं माह्या हाताशी होतं. दूध फुगलं, काठाले आलं. ती ओरडली, "अवो उतार!" सगळे माह्या हाताकडे पाहून राह्यले होते.

मी हात पदराखाली घेतला अन् दूध उतू जाऊ दिलं.